पुस्तकं विषयवार लावा : वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी शासनाच्या वर्गवारीतल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात मी २८ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यासाठी, नातेवाइकांकडे, यात्रेला असं फिरणं होतं आणि ज्या गावी जाईन तिथलं वाचनालय पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. अशी पस्तीस-चाळीस वाचनालयं पाहून झाली. सगळीकडे आपुलकीने बसवून घेतलं, चहा दिला, जुनी मासिकं कौतुकाने काढून दाखवली. पण यांतल्या बहुतेक ठिकाणी पुस्तकं कपाटात लावलेली होती ती दाखल क्रमांकाने. म्हणजे जे पुस्तक आधी आलं ते आधी, मागून आलं ते मागून. पहिल्या कपाटात १ ते ३५०, दुसऱ्यात ३५१ ते ७००. कपाटांना काचा, काचांना कुलपं, आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलाच्या खणात.

या एका गोष्टीविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडेही असंच होतं. मला एक वर्षही झालं नव्हतं. ऑगस्टचा महिना, पावसाची रिपरिप. एक शेतकरी आला आणि त्याने रुमालाची गाठ सोडून माझ्या टेबलावर एक डाळिंब ठेवलं. सालीवर काळपट, तेलकट डाग आणि त्या डागातून फळ इंग्रजी 'एल'सारखं तडकलेलं. "बाई, ह्याच्यावर काही पुस्तक हाय का?" मी दाखल नोंदवही काढली. नाव 'डाळिंब'ने सुरू होणारं पुस्तक अक्षरवार यादीत नव्हतं. शिपायाला विचारलं, तो म्हणाला शेतीची पुस्तकं आहेत, पण कुठे कुठे आहेत ते सांगता येणार नाही. अर्धा तास शोधून फळझाडांवरचं एक सर्वसाधारण पुस्तक दिलं. त्यात डाळिंबाला दीड पान होतं आणि त्या डागांच्या, म्हणजे तेल्या या जिवाणूजन्य रोगाचं नावसुद्धा नव्हतं. "बरं" म्हणून तो गेला.

मार्चमध्ये पुस्तकांची पडताळणी करताना मला आमच्याच वाचनालयात त्या विषयावरची तीन पुस्तकं सापडली. एक सातव्या कपाटात, एका कथासंग्रहाच्या आणि एका ज्योतिषाच्या पुस्तकाच्या मधोमध. दुसरं एकोणिसाव्यात. तिसरी कृषी विद्यापीठाची पुस्तिका, तेल्यावरचीच, 'शासकीय प्रकाशने' असं लिहिलेल्या सुतळीच्या गठ्ठ्यात, अजून घडीसुद्धा न मोडलेली. तोवर त्या माणसाने बाग काढून टाकली होती, हे मला बाजारात कळलं. त्या पुस्तिकेने बाग वाचली असती असा दावा मी करत नाही. पण तो पावसात तीन कोस चालत आला, त्याने नेमका प्रश्न विचारला, पुस्तकं आमच्याकडे होती, आणि आम्ही त्याला जवळजवळ रिकाम्या हाताने पाठवलं. हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

दाखल क्रमांक वाईट नाही. ते पुस्तकाचं जन्माचं टिपण आहे. कधी आलं, कुणाकडून घेतलं, किंमत किती, देणगी की खरेदी, हे सगळं त्या एका क्रमांकावर मिळतं. लेखापरीक्षणाला तो लागतोच. पण तो वाचनालयाच्या उपयोगाचा आहे, वाचकाच्या नाही. कोणताही वाचक येऊन "मला ४,२१७ नंबरचं पुस्तक द्या" असं म्हणत नाही. तो "मधुमेहावर काही आहे का", "मुलीला इंग्रजी व्याकरण हवंय", "आमच्या किल्ल्यावर कुणी लिहिलंय का" असं विचारतो. प्रश्न विषयाचा असतो आणि आपण उत्तर खरेदीच्या तारखेप्रमाणे मांडून ठेवतो.

दीडशे वर्षांपूर्वी जगातल्या बहुतेक मोठ्या ग्रंथालयांचीही हीच तऱ्हा होती. पुस्तकाची जागा म्हणजे अमुक दालन, अमुक कपाट, अमुक फळी, त्यावरचं इतकावं पुस्तक. एकदा ठरलं की कायमचं. नवीन पुस्तक त्याच विषयाचं असलं तरी जिथे फळी रिकामी तिथे जायचं. मेल्विल ड्यूई हा अमेरिकेतल्या अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा पंचविशीच्या आतला तरुण. त्याने १८७६ मध्ये ४४ पानांची एक पुस्तिका छापली आणि ही व्यवस्था मोडली. त्याने क्रमांक फळीला न देता विषयाला दिला. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हा दहा, आणि पुढे दशांश चिन्ह देऊन हवं तितकं बारीक जाता येईल अशी सोय. पुस्तकं वाढली की सगळी सरकतात, पण शेजार बदलत नाही. फळझाडांचं पुस्तक आज आलं काय आणि वीस वर्षांनी आलं काय, ते फळझाडांच्या पुस्तकांजवळच बसतं.

हे शेजारपण फार मोलाचं आहे. उदाहरण शेतीचंच घेते. ६३० म्हणजे शेती. ६३१ मध्ये माती, मशागत, अवजारं, पाणी. ६३२ रोग आणि कीड. ६३३ मध्ये ज्वारी, गहू, ऊस, कापूस अशी शेतातली पिकं. ६३४ फळबागा. ६३५ भाजीपाला आणि फुलं. ६३६ जनावरं, ६३७ दूध-दुभतं. आता ज्याने गाय घेतली तो ६३६ पाशी उभा राहतो आणि त्याचा हात आपोआप शेजारच्या ६३७ वर, दुधावरच्या पुस्तकावर जातो. ते पुस्तक आपल्याकडे आहे हे त्याला माहीत नव्हतं, त्याने मागितलंही नव्हतं. यादीत शोधणाऱ्याला असं पुस्तक भेटत नाही, कपाटापुढे उभ्या राहिलेल्याला भेटतं.

आणि डाळिंबावरचा तेल्या? तो ६३२ मध्ये, रोगांत, की ६३४ मध्ये, फळांत? ड्यूईच्या पद्धतीत एका पिकाचा रोग त्या पिकासोबत जातो. मला हे वाचून पटलं, कारण शेतकरी जिवाणूचं नाव घेऊन येत नाही, रुमालात फळ घेऊन येतो. वर्गीकरण करताना पुस्तकाचं नाव बघून भागत नाही. हे पुस्तक कोण मागायला येईल आणि कोणत्या शब्दाने मागेल, हे डोळ्यांपुढे आणावं लागतं. म्हणूनच हे काम गावातल्या ग्रंथपालाने करायचं आहे. त्याला गावातली माणसं माहीत असतात.

हे न करता ढोबळ विभाग पाडले तर काय होतं तेही सांगते. पुष्कळ वाचनालयांत 'महिला विभाग' म्हणून एक कपाट असतं. आमच्याकडेही होतं: पाककृती, विणकाम, रुखवत, मेंदी, बाळंतपण, व्रतवैकल्यं. एकदा एक बाई आल्या, माहेरच्या जमिनीत भावांनी हिस्सा नाकारलेला. "कायद्याचं सोप्या भाषेत काही मिळेल का?" माझ्या सहकाऱ्याने सरळ त्या कपाटाकडे बोट दाखवलं. बाई म्हणून महिला विभाग. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला, त्यावरचं एक चांगलं मराठी पुस्तक आमच्याकडे होतं. ते कुठे होतं? दाखल क्रमांकाने बाराव्या कपाटात, सर्वात वरच्या फळीवर, स्टुलावर चढल्याशिवाय दिसणार नाही असं. त्या दिवशी मी तो महिला विभाग मोडून काढायचं ठरवलं. पाककृती ६४१ मध्ये गेल्या, शिवण ६४६ मध्ये, मुलांचं संगोपन ६४९ मध्ये, कायदा ३४० मध्ये. आज तिथे पुरुषही पाककृतींची पुस्तकं उघड्यावर चाळतात, पूर्वी बायकोच्या नावावर नेत असत.

ड्यूईची पद्धत जशीच्या तशी उचला असं मात्र माझं म्हणणं नाही. ती एका अमेरिकन माणसाने त्याच्या काळात, त्याच्या ग्रंथालयासाठी केलेली आहे आणि ते तिच्यात पदोपदी दिसतं. धर्माचा २०० चा वर्ग उघडा. २२० पासून २८० पर्यंत सगळा ख्रिस्ती धर्म. बाकी जगातले धर्म २९० मध्ये एकत्र. त्यात भारतात जन्मलेले सगळे २९४ मध्ये: बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, शीख २९४.६. आपल्याकडच्या वाचनालयात २२० ते २८० ही फळी जवळजवळ रिकामी राहते आणि २९४ मध्ये दोन कपाटं कोंबावी लागतात. साहित्याचं तसंच. अमेरिकन साहित्य ८१०, इंग्रजी ८२०, आणि मराठी ८९१.४६. मराठी कादंबरीला ८९१.४६३. ज्या वाचनालयात दहातली सात पुस्तकं मराठी साहित्याची, तिथे प्रत्येक पाठीवर हे सहा आकडी शेपूट चिकटवत बसायचं आणि वाचकाने ते पाठ करायचं, यात काही अर्थ नाही.

जपानी लोकांनी हे सहन केलं नाही. त्यांनी १९२९ मध्ये ड्यूईच्या दशांश पद्धतीवरून स्वतःची पद्धत बेतली आणि तिच्यात जपानी साहित्याला ९१० हा सुटसुटीत क्रमांक दिला. कोरियानेही पुढे आपली पद्धत केली. आणि खरं तर ड्यूईच्या तक्त्यांतही मुभा दिलेली आहे: ज्या भाषेचं साहित्य तुमच्याकडे मुख्य असेल ते ८१० ला घ्या, किंवा एखादं अक्षर देऊन सगळ्यांच्या आधी ठेवा. धर्माच्या बाबतीतही अशी सवलत आहे. आम्ही 'म' हे अक्षर घेतलं. ड्यूईचेच साहित्यप्रकाराचे आकडे पुढे जोडले. म १ काव्य, म २ नाटक, म ३ कथा-कादंबरी, म ४ निबंध, म ६ पत्रं, म ७ विनोद. पहिल्याच आठवड्यात आमच्या देवघेवीच्या टेबलाशी शाळेची मुलं "काकू, म तीन कुठंय?" असं विचारू लागली.

आपल्याच देशात याहून पुढचा विचार झालेला आहे हेही तुम्हाला माहीत असावं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं, राज्यभर गावोगावी फुकट वाचनालयं काढली, आणि बॉर्डनने बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धत तयार केली. मराठी राजाने केलेलं हे काम आहे. पुढे मद्रासचे शियाळी रामामृत रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला: त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, पण दर वेळी नवं खेळणं. विषयसुद्धा असेच सुट्या भागांतून जोडता येतील, हा विचार त्यांना तिथे सुचला आणि १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. डाळिंब हा एक भाग, रोग हा दुसरा, उपाय तिसरा, सोलापूर चौथा, साल पाचवा. प्रत्येक भागाला आपलं चिन्ह, आणि सगळे जोडले की पुस्तकाचा पत्ता तयार. गावच्या वाचनालयात ही पद्धत चालवणं जड जातं, मी स्वतः ती वापरली नाही. पण तिने मला विचार करायला शिकवलं. कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मी अजूनही मनात विचारते: हे कशाविषयी, त्याचं काय, कुठलं, कधीचं? एवढे प्रश्न विचारले तर नव्वद टक्के पुस्तकांची जागा आपोआप ठरते.

उरलेल्या पुस्तकांवर मात्र भांडावं लागतं. आणि ती भांडणं मंडळाच्या बैठकीत व्हावीत असं मला वाटतं, कारण ती गावाची भांडणं आहेत.

तुकाराम महाराजांची गाथा कुठे ठेवायची? काव्यात की धर्मात? एक वारकरी आजोबा धर्माच्या कपाटापुढे हात जोडून उभे राहायचे आणि एम. ए.ला बसलेली मुलगी काव्याच्या कपाटात शोधायची. ज्ञानेश्वरी १२९० ची, मराठी काव्याचा उगम तिच्यात शोधायचा आणि ती सापडते 'धार्मिक' असं लिहिलेल्या फळीवर, हे मला खटकायचं. काव्यात ठेवली तर आजोबांना खटकायचं. शेवटी आम्ही संतसाहित्य असा स्वतंत्र वर्ग केला आणि तो काव्य आणि धर्म यांच्या मध्ये, दोन्हीकडून जाता येईल अशा जागी मांडला. मूळ संहिता, निरूपणं, समीक्षा सगळं संतांच्या नावाने एकत्र. तुकाराम म्हटलं की तुकारामावरचं सगळं एका हाताच्या अंतरात. तुमच्या गावी वेगळा निर्णय झाला तरी चालेल. पण जो निर्णय होईल तो एका वहीत लिहून ठेवा, कारणासह, तारखेसह. आम्ही तिला निर्णयवही म्हणायचो. ग्रंथपाल बदलतात, मंडळं बदलतात. वही नसेल तर दर पाच वर्षांनी ज्ञानेश्वरी कपाट बदलत राहते.

दुसरी गोष्ट मी जरा कळकळीने सांगते. ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहास एका कपाटात ठेवू नका. शिवकालावरच्या कादंबऱ्या आणि शिवकालावरची संशोधनाची, कागदपत्रांची पुस्तकं 'शिवाजी महाराज' अशा एकाच पाटीखाली मी कितीतरी ठिकाणी पाहिली. ठेवणाऱ्याचा भाव चांगला असतो. पण आठवीतला मुलगा दोन्ही सारख्याच विश्वासाने वाचतो आणि कादंबरीकाराने रचलेला संवाद त्याच्या भाषणात महाराजांचं वचन होऊन येतो. कादंबरी कितीही अभ्यासून लिहिलेली असो, ती म ३. इतिहास ९५४, त्यातला महाराष्ट्र ९५४.७९२. दोन कपाटं वेगळी असली की "हे पुस्तक तिकडे का आणि हे इकडे का?" असं मुलं विचारतात, आणि इतिहासाचं साधन कशाला म्हणतात, बखर म्हणजे काय, हे दोन मिनिटांत सांगायची संधी मिळते. मी ती शेकडो वेळा घेतली आहे.

तिसरी गोष्ट माझ्या हातून झालेल्या चुकीची. विषयवार मांडणी केली तेव्हा मी 'दलित साहित्य' असं एक वेगळं कपाट केलं होतं. मान द्यावा, सगळं एकत्र मिळावं, हाच हेतू होता. वर्ष-दीड वर्षाने देवघेवीची नोंद चाळताना लक्षात आलं की त्या कपाटातली पुस्तकं नेणारी नावं तीच ती आहेत, एकाच बाजूच्या वस्तीतली. बाकीचं गाव त्या कपाटावरून पुढे जात होतं. पाटी वाचून त्यांनी ठरवलं होतं की हे आपल्यासाठी नाही.

नंतर मला डोरोथी पोर्टर यांच्याविषयी वाचायला मिळालं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून त्या ग्रंथपाल होत्या. कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं त्या काळी अनेक ग्रंथालयं ड्यूईच्या दोनच आकड्यांत टाकायची: ३२६ म्हणजे गुलामगिरी, नाहीतर ३२५ म्हणजे वसाहती आणि स्थलांतर. कवितासंग्रह असला तरी ३२५. लेखकाचा रंग पाहिला की विषय पाहायची गरज नाही. पोर्टरबाईंनी हे मानलं नाही. कविता काव्यात, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात असं त्यांनी पुस्तक न् पुस्तक नव्याने लावलं. ते वाचल्यावर मी आमचं कपाट मोडलं. कविता म १ मध्ये गेल्या, आडनावाच्या क्रमाने, इतर सगळ्या कवींच्या खांद्याला खांदा लावून. आत्मकथनं आत्मचरित्रांत, चळवळीचा अभ्यास ३०५ मध्ये, समीक्षा समीक्षेत. आमच्या गावातल्या एका कार्यकर्त्याने त्याला विरोध केला. तो म्हणाला, ही पाटी आम्ही लढून मिळवली आहे, तुम्ही ती पुसताय. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून संपूर्ण यादी जाड कागदावर लिहून, प्रत्येक पुस्तकाच्या क्रमांकासह, दाराशी लावली आणि १४ एप्रिलच्या आठवड्यात ती सारी पुस्तकं मधल्या मोठ्या टेबलावर मांडायची असं ठरलं. ते अजून चालू आहे. आणि आत्मचरित्रांच्या कपाटातून ती आत्मकथनं अशा घरांत गेली, जिथे ती पूर्वी कधीच गेली नव्हती.

ड्यूईचं नावही आता पूर्वीसारखं निर्विवाद राहिलेलं नाही. ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना त्याने दिलेली वागणूक, स्त्रियांशी केलेलं गैरवर्तन, यांमुळे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. क्रमांक वापरा, पण ते देवाने दिलेले नाहीत हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या मनातल्या अडचणींकडे येते, कारण मंडळाच्या बैठकीत मी त्या सगळ्या ऐकलेल्या आहेत.

पहिली अडचण पडताळणीची. दाखल क्रमांकाने लावलेलं असलं की वही घेऊन एका टोकाने सुरुवात करता येते, विषयवार लावलं की मोजायचं कसं? त्यासाठी प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करतात आणि ती कार्डं पुस्तकं ज्या क्रमाने कपाटात आहेत त्याच क्रमाने खोक्यात लावतात. कार्डावर दाखल क्रमांक असतोच. खोकं हातात घेऊन कपाटासमोर चालत जायचं. आम्हाला जुन्या पद्धतीने नऊ दिवस लागायचे, नवीन पद्धतीने सहा.

दुसरी, खरी अडचण कुलपांची. पुस्तक हरवलं तर पगारातून कापतील, ही ग्रंथपालाची भीती. पगार मुळात केवढा, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून तो कपाट उघडत नाही. आणि बंद काचेमागे विषयवार लावलेली पुस्तकं ही अर्धीच सोय आहे. मुक्तद्वार पद्धतीत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढायचं तिथे, काही पुस्तकं जातात, मान्य. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला पहिलाच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा आहे, आणि ते मुक्तद्वाराच्या बाजूने आयुष्यभर बोलत राहिले. तुम्ही एक ठराव करा: वर्षाला इतकी पुस्तकं गहाळ झाली तर ती संस्थेची हानी समजावी, ग्रंथपालाकडून वसुली करू नये. हा ठराव झाल्याशिवाय कुठलाच ग्रंथपाल कुलूप काढणार नाही, आणि त्याने का काढावं?

तिसरी, "आता सगळं संगणकावर आहे." संगणक असणं चांगलंच. ई-ग्रंथालय म्हणा, कोहा म्हणा, ग्रंथालयाच्या अशा आज्ञावलीत नाव टाकलं की पुस्तक आहे की नाही ते कळतं. पण आज्ञावलीत विषयाचा रकाना असतो तो भरावा लागतो. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी त्या रकान्यात सरसकट 'मराठी' असं टाकलेलं होतं. आणि पडद्यावर दाखल क्रमांक दिसला तरी कपाटातल्या शेजारच्या पुस्तकांवर नजर फिरवण्याचं सुख आणि फायदा तिथे मिळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो किरकोळ आहे. आमची ८,४०० पुस्तकं होती. मी, एक सहकारी आणि सुट्टीत आलेल्या दोन कॉलेजच्या मुली, असं दोन उन्हाळ्यांत काम झालं. पुस्तकं विषयाप्रमाणे आधी जमिनीवर सतरंज्यांवर ढिगांत लावली. क्रमांक मुखपृष्ठामागच्या पानावर पेन्सिलीने लिहिला, चार दिवस तसाच ठेवला, पुन्हा एकदा पाहिला आणि मगच चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी पाठीवर तळापासून दीड इंचावर, सगळ्या पुस्तकांना एकाच उंचीवर, पट्टी धरून. कवितासंग्रहांना बहुधा पाठच नसते, चौसष्ट पानांची पुस्तकं ती; त्यांना चिठ्ठी पुढच्या पानावर डाव्या कोपऱ्यात लावली. चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी नक्की लावा, नाहीतर घामाच्या हातांनी शाई वर्षभरात पुसते. लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं खाली लिहितात, त्यात आपली एक खास अडचण येते: 'कुल', 'पाटी', 'देश', 'जोशी' यांच्याच फळ्या भरतात. आम्ही आडनावापुढे लेखकाच्या नावाचं पहिलं अक्षरही जोडलं.

एकदम सगळं करू नका. मंडळी उत्साहाने सगळी कपाटं एका दिवसात रिकामी करतात आणि मग दिवाळीपर्यंत वाचनालय बंद राहतं. एकच विषय घ्या. माझं म्हणणं, शेती घ्या, किंवा आरोग्य. पुस्तकं थोडी, वाचकाची गरज मोठी. सुतळीने बांधलेले शासकीय प्रकाशनांचे गठ्ठे सोडा, त्यात सोनं असतं. एक कपाट उघडं करून दाराजवळ आणा. पाटीवर आकडा बारीक लिहा आणि 'फळबागा', 'जनावरं', 'पिकांचे रोग' हे शब्द मोठे. महिनाभर देवघेवीची वेगळी नोंद ठेवा. पुढच्या बैठकीत ती वाचून दाखवा आणि मग बाकीच्या कपाटांचं ठरवा.

१९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांच्या शासनमान्यतेला आणि अनुदानाला कायद्याचा आधार मिळाला. पण ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तेव्हा ना अनुदान होतं ना शासनाची वर्गवारी. माणसांनी वर्गण्या काढून पुस्तकं जमवली. तुमच्या वाचनालयाच्या पहिल्या पानांवरही अशाच कुणाकुणाच्या आठ आण्याच्या, रुपयाच्या नोंदी असतील. ती पुस्तकं अजून कपाटात आहेत आणि त्यांतल्या कितीतरी पुस्तकांना वीस-वीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही, कारण ती तिथे आहेत हेच कुणाला माहीत नाही.

ज्या मंडळांना हे करायचं असेल आणि माणूस कमी पडत असेल, त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या निवृत्त ग्रंथपालांना हाक मारावी. आम्ही बरेच जण घरी बसून आहोत आणि येण्या-जाण्याच्या भाड्यावर यायला तयार आहोत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर पावसाळ्याच्या तोंडाशी, डाळिंबाचा मृग बहार धरायच्या आत, शेतीचं कपाट लागून होतं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल